आधीची यादी, नंतरची यादी

मागच्या अंकात मी पुराच्या पंचनाम्याबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यानंतर या विषयावर इतकी पत्रं आली, की या महिन्याचं सदर त्यांनाच देतो आहे. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या पाचव्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि मला शेजारच्या तालुक्यातून औसा भागात पाठवलं गेलं. पुढे पूर, गारपीट, दुष्काळ असं बरंच काही लिहून काढलं, पण आपत्तीबद्दल मला जे कळलं त्याची सुरुवात तिथली आहे.

प्रश्न : आम्ही नदीकाठच्या गावात भाड्याने राहतो. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला घरात पाणी शिरलं. दोन्ही वेळा पंचनाम्यात घरमालकाचं नाव लागलं. आमची गादी, कपाट, मुलांची पुस्तकं, धान्य सगळं गेलं, पण 'घर तुमचं नाही' म्हणून सांगण्यात आलं. भाडेकरूला काहीच हक्क नसतो का? — एक गृहिणी, शिरोळ तालुका

उत्तर : असतो, ताई. पडलेल्या घराची मदत आणि बुडालेल्या संसाराची मदत या दोन वेगळ्या बाबी आहेत. केंद्र सरकार राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी निकष ठरवतं. २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आहेत. ते मालकाचे. पण घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी-घरसामानासाठी २,५०० रुपये आहेत आणि ते कुटुंबामागे आहेत. राज्य सरकारं यात स्वतःची भर घालतात, तो आकडा त्या-त्या वर्षीच्या शासन निर्णयात बघावा.

रक्कम थोडी आहे, हे मला कळतं. पाच हजारांत संसार उभा राहत नाही. पण ती न मिळण्याचं कारण बहुतेक वेळा निकषात नसतं. पंचनामा करणारा माणूस ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा नमुना हातात घेऊन फिरतो आणि त्या नमुन्यात नाव मालकाचं असतं. एका छपराखाली तीन चुली असल्या तरी कागदावर एकच उतरते. म्हणून पाणी ओसरल्यावर घर लगेच धुऊन काढू नका. भिंतीवरची पाण्याची खूण, भिजलेलं सामान आणि त्यात उभे तुम्ही, असा फोटो काढा. रेशनकार्ड, वीजबिल किंवा मुलांच्या शाळेचा दाखला, पत्त्याचा जो पुरावा असेल तो पुढे करा. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्या, आणि तुमच्या चुलीची वेगळी नोंद करा, असं तिथल्या तिथे म्हणा. यादी चावडीवर लागते तेव्हा जाऊन बघा. नाव नसेल तर त्याच आठवड्यात तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महिना उलटला की यादी गोठते, मग ती हलवायला फार जोर लागतो.

प्रश्न : मोठी आपत्ती आली की 'राष्ट्रीय आपत्ती जाहीर करा' अशी मागणी सगळे पक्ष करतात. सरकार तशी घोषणा का करत नाही? केली तर काय फरक पडतो? — स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : 'राष्ट्रीय आपत्ती' जाहीर करण्याची तरतूद आपल्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात नाहीच. २०१८ च्या केरळच्या पुरात ही मागणी झाली, २०२४ ला वायनाडमध्ये दरड कोसळली तेव्हाही झाली. दोन्ही वेळा केंद्राने 'गंभीर स्वरूपाची आपत्ती' एवढंच म्हटलं. लोकांना वाटतं, जाहीर झालं की तिजोरी उघडते. प्रत्यक्षात पैशाची वाट वेगळी आहे.

आपत्तीत पहिली जबाबदारी राज्याची. त्यासाठी प्रत्येक राज्याकडे राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के, ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांत केंद्राचे ९० टक्के. हा पैसा आपत्ती येण्याआधीच ठरलेला असतो, वित्त आयोग पाच वर्षांचा हिशोब घालून देतो. तो पुरत नसेल तर राज्य केंद्राला निवेदन पाठवतं, केंद्राचं पथक येऊन पाहणी करतं, आणि शेवटी केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची उच्चस्तरीय समिती राष्ट्रीय निधीतून रक्कम मंजूर करते. पथक बांधावर पोचेपर्यंत शेतात पुढची पेरणी झालेली असते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नुकसान बघायला आलेल्या माणसाला हिरवं रान दाखवायची वेळ येते. शेतकऱ्याने किती महिने जमीन तशीच पडू द्यायची?

परीक्षेत गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो, इंग्रजी आद्याक्षरांनी 'एनडीआरएफ' म्हणतात त्या दोन गोष्टी आहेत. एक राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी, दुसरं राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल. नारिंगी कपड्यातले जवान ते दल. २००६ साली आठ बटालियननी सुरुवात झाली, आता सोळा आहेत. आपल्या जवळची पाचवी बटालियन मावळात सुदुंबरेला आहे.

आता इतिहास, कारण तो माहीत नसेल तर या व्यवस्थेचा स्वभाव कळत नाही. आपत्तीचा विषय पूर्वी केंद्रात कृषी मंत्रालयाकडे होता. आपल्याकडे आपत्ती म्हणजे दुष्काळ, आणि दुष्काळ म्हणजे शेती, असं शंभर वर्षांचं गणित होतं. माझ्या पिढीच्या तलाठ्यांना पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा अंदाज, काढणं शिकवलं होतं, ढिगाऱ्याखालून माणूस काढणं कोणी शिकवलं नव्हतं. मग १९९३ ला किल्लारी, ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाचं महाचक्रीवादळ, २६ जानेवारी २००१ ला कच्छचा भूकंप. २००२ मध्ये विषय गृह मंत्रालयाकडे गेला. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली आणि पुढच्याच डिसेंबरात, २००५ ला, संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. पंतप्रधान राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष, मुख्यमंत्री राज्याच्या, जिल्हाधिकारी जिल्ह्याच्या. जिल्ह्यात सहअध्यक्ष म्हणून जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात, हे बऱ्याच अध्यक्षांनाही आठवून द्यावं लागतं. बारा वर्षांत चार वेळा माणसं हजारांनी मेली, तेव्हा हा कायदा झाला. त्याचं पुस्तक हातात घेताना मला तरी हे विसरता येत नाही.

प्रश्न : माझा मुलगा जपानमध्ये नोकरी करतो. तिथे दर वर्षी शाळेत, कारखान्यात, वस्तीत भूकंपाची तालीम होते. आपल्या सरकारला हे कधी जमणार? — एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : सर, जपानलाही ते मरणातूनच जमलं. १ सप्टेंबरला ते आपत्ती प्रतिबंध दिन पाळतात, तो १९२३ च्या कांतो भूकंपाचा दिवस. त्यांचा आपत्तीचा मूळ कायदा १९६१ चा आहे आणि त्याआधी, १९५९ ला, इसे उपसागराच्या वादळात पाच हजारांहून जास्त माणसं गेली होती. पण तुम्ही जपान म्हणालात की आपले लोक म्हणतात, 'त्यांच्याकडे पैसा आहे.' म्हणून मी ओडिशाचं नाव घेतो.

२९ ऑक्टोबर १९९९ ला महाचक्रीवादळ जगतसिंहपूर जिल्ह्यात किनाऱ्यावर आलं. एरसमा भागात समुद्र गावांवरून गेला. जवळपास दहा हजार मृत्यू. त्यानंतर दोन महिन्यांत ओडिशाने स्वतःचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभं केलं, राष्ट्रीय कायद्याच्या सहा वर्षं आधी. किनाऱ्याने खांबांवर उभी असलेली शेकडो बहुउद्देशीय निवारागृहं बांधली. एरवी त्यांत शाळा भरते, बैठका होतात. त्यामुळे इमारत झाडलेली राहते, संडास चालू राहतात आणि लोकांना वाट पाठ असते. बंद गोदामाला निवारा असं नाव दिलं तर संकटाच्या रात्री तिथे कोणी जात नाही.

१२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन वादळ गोपालपूरला धडकलं. त्याआधी सुमारे दहा लाख माणसं हलवली गेली होती. मृत्यू पन्नासच्या आत. २०१९ च्या मे महिन्यात फनी आलं, बारा लाख लोक हलवले, ६४ मृत्यू. वाऱ्याचा जोर कमी नव्हता. हवामान खात्याचा अंदाज चार दिवस आधी आणि नेमका आला, हे खरं. पण अंदाज भुवनेश्वरला पोचणं आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या झोपडीत पोचणं यात मोठं अंतर आहे. ते अंतर गावातल्या स्वयंसेवकांनी कापलं. कोणत्या घरात म्हातारी झोपून आहे, कोणती बाई दिवसांत आहे, कोणाला पाठीवर न्यावं लागेल, हे त्यांना आधी माहीत होतं. ही यादी वादळाच्या आधीची असते. मी आयुष्यभर लिहिल्या त्या सगळ्या याद्या नंतरच्या होत्या.

बांगलादेशही बघा. १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे तीन लाखांहून जास्त माणसं मेली असं मानतात. १९७२ पासून त्यांनी गावोगाव स्वयंसेवक उभे केले. हातात कर्णा, खांबावर झेंडे, सायकल. आज ते पंच्याहत्तर हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांत निम्म्या बाया. २०२० ला अम्फान आलं तेव्हा त्यांनी वीस लाखांवर लोक हलवले आणि मृत्यूंचा आकडा दोन अंकी राहिला. पैशाने गरीब देशाने हे करून दाखवलं आहे, तेव्हा आपण पैशाचं कारण सांगू नये.

प्रश्न : आमचं गाव भूकंपानंतर पुनर्वसित झालं. माझा जन्म नव्या गावातला. आजोबा अजून म्हणतात, 'सरकारनं घर दिलं पण गाव नेलं.' सरकारने तेव्हा काय चुकवलं? — एक तरुण, लातूर जिल्हा

उत्तर : बाळा, या पत्राला उत्तर लिहायला मला चार दिवस लागले.

त्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. मिरवणुकीतून दमून आलेली माणसं झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडची घरं तू जुन्या फोटोत पाहिली असशील. दोन-तीन फूट जाडीच्या दगडाच्या भिंती, आत चिखल, वर लाकडी माळवद आणि त्यावर दर वर्षी टाकलेली माती. उन्हाळ्यात थंडगार. ती माती आणि तो दगड झोपलेल्या माणसांवर आला. जवळपास आठ हजार मृत्यूंची सरकारी नोंद झाली. गावाबाहेर कुडाच्या खोपटात राहणारी कितीतरी गरीब माणसं वाचली, वाड्यातली गेली. वर्षभर आधी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, किल्लारीला लहान धक्के बसत होते. लोक तेव्हा बाहेर झोपले, पुन्हा आत आले. त्या वेळी घर कसं सावरायचं हे सांगायला कोणी दारात गेलं नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक ती, आणि ती भूकंपाच्या आधीची आहे.

नंतरचं काम सरकारने मोठं केलं, हे मी ठामपणे म्हणतो. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देणगीदार संस्था आल्या, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली पूर्ण पडलेली ५२ गावं नव्या जागी बसवली. घर जमिनीप्रमाणे ठरलं. भूमिहीन आणि अल्प जमीनवाल्याला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४५०, सात हेक्टरांच्या वर जमीन असेल त्याला ७५०. भूकंपाने वाडा आणि खोपट एका रात्रीत सारखं केलं होतं, आम्ही सातबारा बघून ते पुन्हा वेगळं केलं. लोक घाबरलेले होते. 'दगड नको, जुनी जागा नको' असं तेच म्हणत होते, हे तुझ्या आजोबांना विचार, त्यांना आठवेल. पण भीतीच्या महिन्यात घेतलेला निर्णय पुढच्या पन्नास वर्षांचा ठरला. सरळ रस्ते, सारख्या ओळी, शहरातल्या वसाहतीसारखा आराखडा. बैल बांधायला जागा नाही, कडबा रचायला जागा नाही, शेत दोन कोस लांब. गल्लीच्या तोंडाशी म्हाताऱ्यांचा जो पार असायचा तो नकाशात कुठेच नव्हता.

दुसरीकडे, कमी बोलली जाणारी गोष्ट अशी, की तेरा जिल्ह्यांत जवळपास दोन लाख घरं पाडली नाहीत, लोकांनी आपापल्या जागी दुरुस्त आणि मजबूत केली. पैसे हप्त्याने मालकाच्या हातात, गवंडी गावातला. भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवायचे, चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा घालायचा, माळवदावरची माती कमी करायची. गावोगावच्या बाया 'संवाद सहाय्यक' म्हणून घरोघर जाऊन हे समजावत होत्या. कच्छचा भूकंप झाला तेव्हा गुजरातने हाच धडा उचलला. बहुतेक घरं जुन्याच जागी, मालकानेच बांधायची आणि अभियंत्याने तपासलं की पुढचा हप्ता. नेपाळनेही २०१५ च्या भूकंपानंतर तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत याच पद्धतीने दिले. म्हणजे तुझ्या आजोबांची तक्रार वाया गेलेली नाही, फक्त तिचा उपयोग दुसऱ्यांच्या गावांना झाला.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही. बाधित कुटुंबांची यादी मी केली, जुन्या रेशनकार्डांवरून आणि आठ-अ च्या, म्हणजे कोणाच्या नावावर किती जमीन ते सांगणाऱ्या, उताऱ्यांवरून. पावसात, पत्र्याच्या शेडमध्ये, कंदिलावर. एका विधवा सुनेला मी सासऱ्याच्या कुटुंबात धरलं, कारण जमीन सासऱ्याच्या नावावर होती. चार महिन्यांनी ती समोर उभी राहिली. म्हणाली, 'अण्णा, माझी चूल वेगळी होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हाच त्यांनी वेगळी काढली.' सगळं गाव ते जाणत होतं. मी गावाला विचारलंच नव्हतं, मी उतारा बघितला होता. दुरुस्तीचा प्रस्ताव केला, पण तोवर घरांची यादी ग्रामसभेत वाचून झाली होती. तिला वेगळं घर मिळालं नाही. आजही पंचनाम्याचं प्रशिक्षण असलं आणि मला बोलावलं, तर मी नव्या पोरांना तिचीच गोष्ट सांगतो आणि चुली मोजायला लावतो.

प्रश्न : शेतात वीज पडून माणूस गेला तर ती नैसर्गिक आपत्ती धरतात का? मोबाइलवरचा विजेचा इशारा खरा मानावा का? — एक शेतकरी, वाशीम जिल्हा

उत्तर : केंद्राच्या बारा आपत्तींच्या सूचीत वीज नाही. पण राज्याला आपल्या निधीतले १० टक्के स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतात आणि महाराष्ट्राने त्यांत वीज घेतली आहे. मृताच्या वारसांना ४ लाख रुपये मिळतात. शवविच्छेदन मात्र चुकवू नका, दुःखाच्या भरात लोक ते टाळतात आणि प्रकरण अडतं. 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं आहे, ते जरूर ठेवा. इशारा आला की झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.

प्रश्न : मी पहिल्यांदाच सरपंच झाले आहे. 'गाव आपत्ती आराखडा' पाठवा म्हणून पत्र आलं. ग्रामसेवकांनी शेजारच्या गावाचा आराखडा आणला, नुसतं गावाचं नाव बदललं की झालं म्हणाले. मला ते पटत नाही. काय करू? — एक सरपंच, रायगड जिल्हा

उत्तर : ताई, तुम्हाला पटलं नाही याचा मला फार आनंद झाला. तुमच्या जिल्ह्याने २०२१ ला तळीये पाहिलं, २०२३ ला इर्शाळवाडी. त्याआधी २०१४ ला पुणे जिल्ह्यात माळीण, दीडशेवर माणसं. तिन्ही ठिकाणी डोंगर खाली आला आणि इर्शाळवाडीला तर बचाव पथकाला अंधारात, पावसात डोंगर चढून पायी जावं लागलं. दल कितीही तयारीचं असलं तरी पहिले काही तास गावाचे असतात.

तो उतरवून काढलेला आराखडा बाजूला ठेवा. एक साधी शंभर पानी वही घ्या. आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि दोन तरुण पोरं घेऊन वाडीवाडी फिरा आणि घरागणिक लिहा. रात्री या घरात कितीजण झोपतात? चालता न येणारं कोण? ऐकू न येणारं कोण? कोणाला कोणता महिना लागला आहे? घरात एकटं कोण? डोंगराकडच्या भिंतीला तडा आहे का, विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं का, झाडं वाकली का? दुसऱ्या पानावर, ट्रॅक्टर कोणाकडे, दोर कोणाकडे, पट्टीचे पोहणारे कोण, जेसीबीवाला किती अंतरावर. एका म्हाताऱ्या माणसापुढे एक तरुण, दोघांची नावं शेजारी शेजारी. त्या तरुणाला ते सांगा आणि त्याच्याकडून हो म्हणून घ्या. ही वही मे महिन्यात दर वर्षी नवी करा, कारण वर्षभरात पोरं मुंबईला जातात आणि सुना माहेरी येतात.

जून लागायच्या आत एकदा रात्री तालीम घ्या. दिवसा घेतलेल्या तालमीचा फोटो चांगला येतो, पण डोंगर दिवस बघून खाली येत नाही. एका गावात मी पुराच्या रात्री दीड तास शाळेच्या कुलपापुढे उभा होतो. पावणेदोनशे माणसं पावसात, लेकरं कडेवर, आणि निवारा म्हणून लिहिलेल्या शाळेची किल्ली तालुक्याला राहणाऱ्या माणसाकडे. शेवटी कुलूप फोडलं.

वही तयार झाली की एक प्रत तहसीलला द्या, एक अंगणवाडीत टांगा. आणि तुमच्या शाळेची किल्ली रात्री कोणाकडे असते, तेवढं मला पुढच्या पत्रात कळवा.